चार बोटांचा डोळा

मी ठोकळा बोलतोय. आधी हसून घ्या, मी थांबतो.

झालं? आता ऐका. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराला मास्तर ठोकळा म्हणतात, तो मी नव्हे. मी खराखुरा ठोकळा, लाकडाचा. चपटा, वीतभर लांब, अंगाने गुळगुळीत. मासे धरायचं जाळं हाताने विणताना दोरा माझ्याभोवती वळसा घेतो, वरच्या कडेला गाठ बसते, आणि ओळ भरली की मला बाहेर खेचतात. मागे जी भोकं राहतात त्यांना डोळे म्हणतात. मी जेवढा रुंद, तेवढा डोळा मोठा. डोळा मोठा असला की माशांची पिल्लं त्यातून निसटून वाढायला परत जातात. डोळा बारीक केला की पिल्लंही अडकतात, आणि मग पुढच्या वर्षी तुम्ही बाजारात रिकामी पिशवी हलवत फिरता. एवढीच गोष्ट आहे. एवढीशी गोष्ट डोक्यात शिरायला माणसांना काय काय दिवे लावावे लागले, ते सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. मला कोणाबद्दल बरं बोलायची सवय नाही. माझा जन्मच भांडणात झालाय.

त्याआधी मी एका स्टुलाचा पाय होतो, शाळेतल्या. मास्तर स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचे आणि पोरं पाढे ओरडायची. बाराच्या पाढ्यापर्यंत मी शिकलो. तेराचा सुरू होणार तेवढ्यात शाळेला खुर्च्या आल्या आणि जुनं सामान विकलं गेलं. त्यामुळे माझं शिक्षण अर्धवट राहिलं. पण मास्तरांचं वजन पेललेलं असल्यामुळे विद्वानांची भीती मात्र कायमची गेली.

स्टूल गेलं ते खाडीच्या तोंडाशी, मासेमारांच्या वस्तीत, दोघा भावांच्या घरी. दोघांचा संसार एकत्र, चूल एक, होडी एक. वस्तीसमोर समुद्रात खडकांची एक रांग आहे. तिच्या आतलं पाणी उथळ, गढूळ, शेवाळाने भरलेलं. मासे अंडी घालायला तिथेच येतात आणि लहान होड्याही तिथेच मासे धरतात. वस्ती त्या पाण्याला नुसतं 'आतलं' म्हणते. 'आज आतल्यात काय मिळालं?' असं विचारतात. खडकांबाहेर जायची या होड्यांची ताकद नाही. म्हणजे आतलं गेलं की वस्तीने सामान बांधायचं.

एके दिवशी जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "होडी विकू या. बर्फवाल्याच्या मोठ्या बोटीत भागीदारी घेऊ. वल्ही मारत बसण्यात काय राम उरलाय?"

थोरल्याने घास खाली ठेवला. "बापाची होडी विकणार तू?"

"बाप गेला. होडी पण चाललीच आहे. निदान हिचं काहीतरी येईल."

स्टूल उडालं. थोरल्याचा नेम काही चांगला नव्हता, पण धाकट्याची पाठ भरपूर रुंद होती. पाठीला काही झालं नाही. मी मात्र मुळापासून तुटलो.

होडी विकली नाही, पण घराचे दोन तुकडे झाले. मध्ये फळ्यांची भिंत उभी राहिली. भिंतीत एक दार ठेवलं आणि दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लावल्या. दार कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, भिंत सगळी बंद केली असती तर दोघी जावांना एकमेकींना बोललेलं ऐकू कसं जाणार? दिवसातून कितीतरी वेळा ते दार उघडायचं, एक टोमणा इकडून तिकडे जायचा आणि दार धाडकन आपटायचं. मग दुसऱ्या बाजूने तेच.

त्या भांडणाच्या दुसऱ्या सकाळी थोरल्याच्या बायकोने, म्हणजे थोरल्या जावेने, कोपऱ्यात पडलेल्या मला उचललं. सगळी वस्ती तिला काकू म्हणायची. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि शिव्या देण्यात एकच होती, ती भिंतीपलीकडे.

तिने मला नवऱ्यापुढे टाकलं. "स्टूल मोडलंत ना? घ्या रंधा. हा तासून द्या."

"किती रुंद?"

तिने आपली चार बोटं जुळवून माझ्यावर आडवी ठेवली. "एवढा. केसभर कमी नाही."

मग तिने वस्तीला सांगून टाकलं, की यापुढे सगळ्यांची जाळी याच ठोकळ्यावर होतील. म्हणजे कोणाचा डोळा बारीक, कोणाचा मोठा, ही कटकट नको. बाजारात यंत्राची जाळी मिळत, पण ती बारीक डोळ्याची. तसलं जाळं आणणाऱ्याची होडी पाण्याबाहेर ओढायला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. होडी एकट्याने ओढून बघा एकदा, म्हणजे या शिक्षेचं वजन कळेल. कोणी ती वेळ येऊ दिली नाही.

पुढची वर्षं मी थोरलीच्या मांडीवर काढली. खिडकीपाशी ती, दोरा, सुई आणि मी. डोळ्यांनी तिला जवळचं नीट दिसत नसे, सगळं काम बोटांवर चालायचं. दुपारी ती पेंगली की मी हळूच ओळीतून सटकायचो आणि अर्धी ओळ ढिली व्हायची. जागी झाली की ती माझ्यावर न ओरडता भिंतीकडे तोंड करून ओरडायची, "दृष्ट लावणाऱ्यांची दृष्ट जळो." पलीकडून उत्तर यायचं, "स्वतःला विणता येत नाही आणि दुसऱ्याच्या दृष्टीवर ढकलते." मला एवढी करमणूक कुठल्या शाळेत मिळाली असती?

मग बर्फवाल्याच्या मोठ्या बोटी खडकांच्या आत शिरायला लागल्या.

हा बर्फवाला म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांच्या गळ्यातलं हाडूक. बर्फाचा कारखाना त्याचा, मोठ्या बोटी त्याच्या. धरलेला मासा टिकवायचा तर त्याच्याच दारात जायचं आणि त्याचंच ऐकून घ्यायचं. अंगाने सुकलेला, हात नेहमी गार, आणि बोलणं असं की समोरचा आपण होऊन मफलर शोधायचा. त्याच्या बोटींची जाळी इतक्या बारीक डोळ्यांची होती, की त्यांतून पाणी सुद्धा परवानगी विचारून जात असेल. ती आतल्यातून ओढली की मासे, पिल्लं, अंडी, शेवाळ, सगळं वर. जे विकलं जात नसे ते दळून कोंबड्यांच्या खाद्यात जायचं.

वस्तीतले पुरुष थोरलीकडे यायला लागले. पहिला कर्णा. त्याच्या आवाजामुळे ते नाव पडलेलं. तो कानात काही सांगायचा तरी धक्क्यावर ऐकू जायचं.

"काकू, आपण पिल्लं सोडायची आणि त्या बर्फवाल्याने ती धरायची, हा कुठला न्याय? डोळा दोन धागे आत घ्या की जरा."

"तो घाण खातो म्हणून तू ताट पुढे करणार?"

"पोरांना काय खायला घालू?"

"पोरं खातील ते मासे आत्ता पिल्लं आहेत. त्यांना वाढू दे. ऊठ इथून."

कर्णा उठला, पण त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं, हे मलाही कळत होतं. थोरलीलाही कळत असावं, कारण त्या दिवशी तिने गाठी इतक्या करकचून मारल्या की माझ्या कडेला चरे पडले.

आता गंमत ऐका.

एका दुपारी थोरली तोंड उघडं टाकून झोपली होती. तिचा नवरा, तोच तो बापाच्या होडीसाठी स्टूल फेकणारा बाणेदार थोरला, चवड्यांवर आला. मला उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि रंध्याचा एक हात मारला. फक्त एक. पातळ, वळलेलं साल खाली पडलं, ते त्याने पायाने मातीत दाबलं. "एवढ्याने काय होतंय," असं तो स्वतःशीच म्हणाला. मला गुदगुल्या झाल्या आणि रागही आला. जाता जाता मी त्याच्या अंगठ्यात चांगलं लांब कुसळ घुसवलं. संध्याकाळी त्याच्या अंगठ्याला चिंधी होती. "गळ लागला," म्हणाला.

काही दिवसांनी धाकटा आला. तो मधल्या दारातून. त्यानेही एकच हात मारला. "एवढ्याने काय होतंय." अंगठा, कुसळ, चिंधी.

मग कर्णा आला. जन्मात पहिल्यांदा तो आवाज न करता वावरत होता, म्हणून मी त्याला जास्त खोल कुसळ दिलं, निदान ओरडेल तरी. पठ्ठ्याने ओठ चावला पण हूं केलं नाही. मग लंबू आला. हा इतका उंच की दारातून वाकून येताना त्याने चौकटीवर डोकं आपटलं. तरी थोरली जागी झाली नाही. वाकलेल्या माणसाचा हात तिरका पडतो, म्हणून त्याने मला एका टोकाला जास्त तासलं.

प्रत्येकाला वाटत होतं, हे आपण एकट्यानेच केलंय. आणि एकाने जरासं केलं तर काय मोठंसं बिघडतं? मी चोरून केलेला विनोद झालो होतो, आणि चौघंही तो आपापल्या एकट्यापुरता हसत होते.

एके दिवशी थोरलीने नेहमीसारखी बोटं जुळवून माझ्यावर ठेवली. करंगळी बाहेर राहिली. तिने पुन्हा ठेवली. पुन्हा बाहेर. कोणाही शहाण्या माणसाच्या मनात काय आलं असतं? पण ठोकळा कमी होऊ शकतो हे तिच्या डोक्यात आलंच नाही. या ठोकळ्याला कोणी हात लावेल, हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं. ती घाबरून म्हणाली, "अगं बाई, माझी बोटं सुजली की."

थोरला पटकन म्हणाला, "खाऱ्या पाण्याने होतं असं."

कर्णा म्हणाला, "माझ्या आईचीही सुजायची, काकू." त्याच्या आईची बोटं काडीसारखी होती.

लंबूने शेक घ्यायला सांगितलं. धाकट्याने तेल आणून दिलं. दोन वर्षं ही बाई रोज धडधाकट बोटांना गरम तेल चोळत होती आणि चौघं पुरुष आळीपाळीने येऊन तिची विचारपूस करत होते. "कशी आहे सूज?" असल्या प्रेमाने बाईची चौकशी कोणी केली तर समजावं की त्याने कुठेतरी रंधा मारलाय.

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ मात्र फिदीफिदी हसायची. तिचं स्वयंपाकघर मागच्या अंगणासमोर. चौघंही तिने बघितले होते. कोणाला सांगितलं नाही. जावेची फजिती होतेय म्हटल्यावर ती असली मजा कशाला मोडेल?

पहिल्या वर्षी जाळी जड झाली. सगळे खूश. दुसऱ्या वर्षी हलकी झाली. तिसऱ्या वर्षी जाळ्यात वर आले ते नखाएवढे मासे, वस्तीलाही विकायला लाज वाटावी असे. पण बाजारात ते खपायचेच. तुम्ही घेत होता ना? "बारीकच द्या, कुरकुरीत होतात" असं म्हणून, नाकाला रुमाल लावून. मला तुमचा चेहरा आठवत नाही, पण रुमाल आठवतो.

आतलं रिकामं झालं तसं वस्तीचं टाळकं फिरलं. सगळ्यांनी मिळून मत्स्यखात्याच्या कचेरीत तक्रार केली, की मोठ्या बोटींनी आत येऊन वाट लावली. आतलं पाणी फक्त लहान होड्यांना ठेवा. बर्फवाल्याला कळल्याबरोबर त्याने वस्तीचा बर्फ बंद केला. म्हणाला, "ज्यांची जीभ गरम आहे त्यांनी मासा फुंकून गार करावा."

मग कचेरीतून एक बाई आल्या. कमी बोलायच्या, सगळं बघायच्या. धक्क्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही पक्षांना सांगितलं, "सोमवारी इथेच सुनावणी. दोन्हीकडची जाळी मोजणार. ज्याच्या जाळ्याचा डोळा बारीक निघेल, त्याला आतलं पाणी बंद."

थोरलीने सगळ्यांदेखत छातीवर हात ठेवला. "मोजा खुशाल. आमचा डोळा चार बोटांचा आहे. माझा शब्द." मागे उभ्या चौघांनी एकाच वेळी आपापल्या पायांकडे बघितलं.

रविवारी सकाळी ती मला तेल लावून चकचकीत करत बसली होती, सुनावणीत दाखवायला. मधलं दार उघडलं. धाकटी टोमणा मारून परत जायची, ती आत आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय गं, नवरीसारखं सजवतेस त्याला?"

"तुझ्या डोळ्यात खुपतंय का?"

"मला दिसतंय तरी. तुझी बोटं दाखव."

"सुजलीत."

"तुझी अक्कल सुजलीय. बाकीची सूज कुठे आहे? बांगड्या घट्ट होतात का? अंगठी निघते ना अजून? नुसती ठोकळ्यावर ठेवली की बरी सुजतात तुझी बोटं."

थोरलीने अंगठी काढली. सहज निघाली. घातली, पुन्हा काढली. माझ्यावर ठेवलेला तिचा दुसरा हात जड होत गेला.

"लाकूड झिजलं असेल," ती हळू म्हणाली.

"लाकूड झिजत नाही बये असं. तासतात. तुझ्या नवऱ्याच्या अंगठ्याला चिंधी होती, आठवतं? मग माझ्या नवऱ्याच्या. मग कर्ण्याच्या, मग त्या लंबूच्या. सगळ्यांना एकच गळ कसा लागला? मी स्वतः बघितलेत चौघं, त्या अंगणात."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. तू तेल चोळताना बघून माझी दुपार बरी जायची." धाकटीने पदर खोचला. "उद्या सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं गेलं असतं तर मी वस्तीभर नाचले असते. पण आतलं गेलं तर माझीही चूल विझते. एवढी महाग करमणूक मला परवडत नाही."

थोरलीने मला मुठीत धरलं आणि निघाली. त्या वाटेवर मी पुन्हा स्टुलाचा पाय होतो की काय असं वाटलं, इतकी ती मला फेकायच्या बेतात होती.

धक्क्यावरच्या पडवीत चौघं जाळी सुकवत होते. तिने मला मधोमध आपटलं. "कोणी तासला?"

चौघांचे अंगठे मुठीत गेले. मग थोरला म्हणाला, "मी एकच हात मारला होता."

धाकटा चमकला. "म्हणजे तू? मी पण एकच मारला."

"एकच तर मारला होता," कर्णा म्हणाला, आणि त्याचा खरा आवाज परत आल्यामुळे ते सगळ्या वस्तीने ऐकलं.

लंबू म्हणाला, "मला वाटलं, मी एकटाच."

मग चौघं एकमेकांवरच धावून गेले. तू मारलास म्हणून माझा जास्त झाला, तू मला आधी सांगायचंस, तुझा हात जड, तुझा तिरका. चोरांनी चोरीच्या मालाची वाटणी करताना भांडावं तसं. बोटं दाखवायला मात्र सगळ्यांची चार चार शाबूत होती.

शेवटी लंबूने डोकं चालवलं. "काकू, माळ्यावर तुमच्या हातचं जुनं जाळं आहे, बरोबर चार बोटांचं. उद्या तेवढंच दाखवू. बाकीची होडीत खाली दडपू. नाहीतर आतलं गेलंच म्हणून समजा."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. तिने मला बाजूला सारलं. पडवीत टांगलेली कात्री घेतली, आपल्या नवऱ्याचं जाळं ओढलं आणि कापायला बसली. थोरला "अगं, अगं" करत राहिला. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या हातची गाठ आहे. मीच तोडणार. पुढचं आण." धाकटीने दुसरी कात्री उचलली. "सरक जरा," ती जावेला म्हणाली, "तुला सरळ कापता सुद्धा येत नाही."

सोमवारी त्या मत्स्यखात्याच्या बाई आल्या. बर्फवाला खुर्ची घेऊन आला होता, स्वतःची. वस्तीने पुढे ठेवला तो कापलेल्या जाळ्यांचा ढिगारा आणि वर मी.

थोरली म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी छातीवर हात ठेवून खोटं बोलले. मला माहीत नव्हतं, पण बोलले. हा ठोकळा चार बोटांचा होता. आमच्याच माणसांनी तासला. जाळी आम्हीच कापली. आता मोजा."

बर्फवाला खदखदून हसला. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल. आणि आता जाळंच नाही, तर यांना पाणी कशाला हवं? पाय धुवायला?" मग थोरलीकडे वळून म्हणाला, "म्हातारे, स्वतःची बोटं कळेनात तुला, आणि माझ्या बोटींवर बोट ठेवायला निघालीस?"

धाकटी पुढे झाली. आवाज शांत होता. मला भिंतीतून ऐकून माहीत होतं की हा तिचा सगळ्यात वाईट आवाज.

"हिला हसायचं काम माझं आहे. एवढी वर्षं मी ते करतेय, मला मदतनीस नको. तुझं जाळं आण इथे. आमचा ठोकळा निदान चौघांनी चोरून तासलाय. तू तर उघड उघड मच्छरदाणी ओढतोस."

बाईंनी बर्फवाल्याचं जाळं मागवलं. त्याने बोट दुरुस्तीला गेलीय असं सांगितलं. बोट त्याच्या खुर्चीमागेच धक्क्याला लागलेली होती. बाईंनी नुसतं तिच्याकडे बघितलं. जाळं आलं, बाईंनी आपली पोलादी पट्टी त्याच्या डोळ्यात घालायचा प्रयत्न केला. टोकही शिरलं नाही.

मग त्यांनी मला उचललं, उलटसुलट केलं, दोन्ही टोकं बघितली. "हा एका बाजूला निमुळता झालाय," त्या म्हणाल्या. लंबूने मान खाली घातली, म्हणजे बाकीच्यांच्या उंचीला आला.

निकाल काही वाजतगाजत लागला नाही. मोठ्या बोटींना आतलं कायमचं बंद. आणि वस्तीलाही बंद, चार बोटांची जाळी पुन्हा विणून त्यांच्यासमोर मोजून होईपर्यंत. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मासा लवकर वाढत नाही," त्या म्हणाल्या. कोणाला ते आवडलं नाही. मलाही नाही. पण त्यात चूक शोधायला माझं शिक्षण पुरेना.

तो हंगाम वस्तीने ओरडत काढला. कोणी दुसऱ्या बंदरावर हमाली केली, कोणी भिंती रंगवल्या. आणि उरलेला सगळा वेळ पुरुषांनी जाळी विणली, दोन्ही जावांच्या देखरेखीखाली. कर्ण्याच्या जाड बोटांत सुई मावेना. धाकटा गाठीऐवजी गुंता मारायचा. थोरला एकदा म्हणाला, "हे बायकांचं काम आहे," आणि त्या दिवशी त्याला दोन्ही चुलींवर जेवण मिळालं नाही. जावांची एवढी एकी त्याने पहिल्यांदाच पाहिली.

नवा ठोकळा लोखंडी केला, म्हणजे रंधा चालायला नको. लोहाराने विचारलं, "चार बोटं कोणाची?" थोरलीची जाड, धाकटीची बारीक. दुपार होईपर्यंत दोघी त्याच्या भात्यापेक्षा जास्त फुत्कारत होत्या. शेवटी लोहार कंटाळून घण खाली ठेवून बसला, तेव्हा थोरलीने दोन बोटं ठेवली, धाकटीने शेजारी दोन. कोणाची दोन आधी, यावरून वाद अजून चालू आहे. तो लोखंड्या आता धक्क्यावरच्या पडवीत साखळीला लटकतो, मोठा मान आहे त्याला. थंडपणात थेट बर्फवाल्यावर गेलाय. मी बोललो तरी उत्तर देत नाही.

आतल्यात होड्या पुन्हा जातात. मासा परत येतोय, पण कुरकुरत, थोडा थोडा. बर्फवाला अजून बर्फ देत नाही, म्हणून वस्ती सकाळचा मासा दुपारच्या आत विकते. आणि धुकं दाट असलं की खडकांच्या आत मोठ्या इंजिनाचा आवाज येतो. तेव्हा कर्णा धक्क्यावर उभा राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्याचा आवाज पोचतो. इंजिन मागे फिरतं. रोज फिरेलच असं नाही.

आणि मी? मला वाटलं होतं, चुलीत जाणार. एके दिवशी दोघी जावा मधल्या दारात उभ्या राहून भांडत होत्या, ढिली ओळ कोणाची यावरून. धाकटी ऐन भरात आली आणि समुद्रावरून वारा आला. दार धाडकन लागलं. तिचं वाक्य अर्धं पलीकडेच राहिलं.

थोरलीला ते सहन होईना. अर्ध्या वाक्याला उत्तर काय देणार? तिने दार ढकललं, इकडे तिकडे बघितलं, कोपऱ्यातून मला उचललं आणि दाराखाली लाथेने ठोकलं. चौघांनी चार तऱ्हांनी तासल्यामुळे मी एका टोकाला निमुळता झालोय ना, तो मी फळीखाली असा गच्च बसलो की जणू लंबूने मला याच कामासाठी घडवलं असावं.

"हं, आता बोल," थोरली म्हणाली. "काय म्हणत होतीस?"

तेव्हापासून मी इथेच आहे. वारा दार आपटायला बघतो, मी देत नाही. डोक्यावरून दिवसभर टोमणे जातात, हल्ली वाटीभर कालवणही जातं, पण त्याला नावं ठेवूनच. भांडणातून जन्माला आलो, भांडण चालू राहावं म्हणून इथे रुतलो. तक्रार करायला जागा नाही.

तुमच्याशी मात्र माझं एक काम आहे. तुम्ही मला आवडत नाही, ते सोडा. पुढच्या वेळी बाजारात नखाएवढा मासा दिसला तर त्याच्याशेजारी आपला हात ठेवून बघा आणि मग पिशवी उघडा. आणि कधी एखाद्या जुन्या मापावर हात ठेवल्यावर आपलीच बोटं सुजल्यासारखी वाटली, सगळे प्रेमाने विचारपूस करायला लागले, तर तेल चोळत बसू नका. आधी अंगठी काढून बघा. मग विचारपूस करणाऱ्यांचे अंगठे बघा.

आता निघा. जाताना पाय उचलून जा, मला लाथ बसली तर दार लागेल. आणि आत्ताच धाकटीने तोंड उघडलंय.